कामाकुरात जपानी मित्रांसोबत एक दिवस: आखणीपासून परतीच्या गाडीपर्यंत

कामानिमित्त टोकियो-योकोहामाकडे गेलेल्या किंवा टोकियोतल्या निशी-कासाईसारख्या भारतीयांच्या वस्तीत बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला, ओळख जरा जुनी झाली की एखादा जपानी सहकारी "एका शनिवारी कामाकुराला जाऊ या का?" असे विचारतो. टोकियो स्थानकापासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, तीन बाजूंनी टेकड्या आणि चौथ्या बाजूला समुद्र असलेले हे छोटे शहर ११९२ मध्ये शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेल्या मिनामोतो नो योरितोमोने आपल्या सत्तेचे केंद्र केले होते, आणि १३३३ मध्ये ती राजवट संपेपर्यंत देशाचा कारभार येथूनच चालत होता. त्यामुळे चालत फिरता येईल एवढ्या टापूत जुनी देवळे, डोंगरवाट, समुद्रकिनारा आणि रस्त्यातून धावणारी छोटी रेल्वे असे सगळेच मिळते. पाहुण्याला एका दिवसात काय दाखवावे, या प्रश्नाचे टोकियोकरांचे ठरलेले उत्तर म्हणजे कामाकुरा.

मात्र स्थानिक मित्रांसोबत फिरणे आणि एकट्याने किंवा सहल कंपनीबरोबर फिरणे यांत फरक आहे. मित्र हे वाटाडे नव्हेत. त्यांच्यापैकी काहीजण शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेलेही नसतात, आणि तुमच्यासाठी त्यांनी आदल्या आठवड्यात बरीच शोधाशोध केलेली असते. गाड्यांच्या वेळा, जेवणाची जागा आणि देवळे बंद होण्याच्या वेळा जुळवून त्यांनी जो आराखडा केलेला असतो, तो ऐनवेळी बदलावा लागला की ते हसून "हरकत नाही" म्हणतात, पण त्यांची धांदल उडते. म्हणून या दिवसाची तुमच्याकडची निम्मी जबाबदारी निघण्याच्या दहा-बारा दिवस आधीच पार पाडावी लागते.

दिवस ठरवताना

जूनमध्ये हायड्रेंजियाच्या निळ्या-जांभळ्या फुलांसाठी हासे-देरा देवळात आणि त्या परिसरात एवढी गर्दी असते की आत शिरण्यासाठी ताटकळावे लागते. २९ एप्रिल ते ५ मेच्या सुट्ट्या आणि नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस हेही गर्दीचेच. मित्रांना कामाच्या दिवशी रजा घेणे जमणारे नसेल, तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार माझ्या मते सर्वांत चांगला. मेपलची पाने लाल झालेली असतात, हवा कोरडी असते आणि संध्याकाळी समुद्रापलीकडे फुजी दिसण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त असते. याची किंमत एवढीच की डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बहुतेक देवळेही चार ते साडेचारच्या दरम्यान बंद होतात. म्हणजे दिवस सकाळी नऊला सुरू झाला पाहिजे. अकराला भेटून "आरामात फिरू" म्हटले, तर तीन देवळेही नीट होत नाहीत.

दिवस ठरल्यावर सगळ्यांचा मिळून लाइनवर एक गट केला जातो. जपानमध्ये व्हॉट्सअ‍ॅपऐवजी हेच अ‍ॅप चालते, त्यामुळे ते आधीच फोनवर असू द्या. या गटात तुम्ही चार गोष्टी स्वतःहून लिहाव्यात: काय खात नाही, किती चालू शकता, मद्य घेता की नाही आणि रात्री किती वाजेपर्यंत घरी पोहोचायचे आहे. सोबत आई-वडील किंवा लहान मूल असेल, तर तेही याच वेळी सांगा. "मला काहीही चालेल" हे उत्तर आपल्याकडे सौजन्याचे मानले जाते. येथे मात्र त्यामुळे यजमानाला सगळे अंदाजाने ठरवावे लागते.

जेवणाचे आधीच सांगा

शाकाहारी वाचकांनी हा भाग काळजीपूर्वक वाचावा, कारण या दिवसात खरी अडचण येते ती येथेच. मांस-मासे न खाणाऱ्या माणसाची अशी समजूत असते की तांदूळ, टोफू, भाज्या आणि शेवया यांच्या देशात पोट भरायला काय अडचण! प्रत्यक्षात जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचे पाणी, आणि ते बहुधा बोनितो जातीच्या वाळवलेल्या माशाच्या किसापासून काढलेले असते. मिसो सूप, सोबा आणि उदोन या शेवयांचा रस्सा, गार सोबाबरोबर येणारे बुडवायचे पाणी, भाज्यांची उकड आणि तेंपुराबरोबरची चटणीही त्यावरच बेतलेली असते. गार टोफूवर तो कीस तसाच भुरभुरलेला येतो, आणि गरम पदार्थावर टाकला की वाफेने तो असा हलतो की पहिल्यांदा पाहणारा दचकतो. जपानी माणसाच्या लेखी दाशी हा मासा नसून चव असते, त्यामुळे "मी शाकाहारी आहे" एवढे सांगितल्याने तो प्रश्न त्याच्या डोक्यातच येत नाही. गटात थेट असे लिहा: निकु मो, साकाना मो, साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन, म्हणजे मांसही नाही, मासेही नाहीत आणि माशांची दाशीही नाही. अंडी आणि दूध चालते की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, हे पुढच्या ओळीत लिहा. त्या दिवशी तुमचा उपवास पडत असेल, तर सरळ दुसरा दिवस मागा.

एवढी माहिती आधी मिळाली, तर कामाकुरा शाकाहाऱ्याला निराश करत नाही. झेन मठांच्या परंपरेतले शोजिन रयोरी हे भोजन मांस-मासे वर्ज्य करूनच बनते, आणि त्यात दाशी कोंबू हा समुद्री पाला व वाळवलेले शिताके अळिंब यांची असते. मुळा, गाजर, बर्डॉकची मुळे आणि टोफू तिळाच्या तेलात परतून केलेले केंचिन-जिरु हे सूप येथल्याच केंचो-जी मठातून आले असे मानतात. अर्थात बाजारातल्या उपाहारगृहात त्याच सूपमध्ये माशाची दाशी असू शकते, म्हणून मित्राला आधी फोन करून विचारायला सांगा. जपानी भाषेतला दोन मिनिटांचा तो फोन हा स्थानिक मित्र सोबत असण्याचा सगळ्यांत मोठा फायदा आहे. शोजिन भोजनाला बहुधा आगाऊ नोंदणी लागते. कांदा-लसणीच्या पदार्थांचे कडक पथ्य असणाऱ्यांना हेच भोजन सर्वांत जवळचे, कारण मठांच्या परंपरेत त्यांनाही बंदी आहे. एवढे करूनही पिशवीत दशम्या किंवा ठेपले ठेवणे शहाणपणाचेच.

मासे खाणाऱ्यांना मात्र येथे मेजवानी आहे. शिरासू हे या किनाऱ्याचे वैशिष्ट्य. कोकणातल्या जवळ्याएवढे बारीक, पण मासेच, आणि ते भातावर कच्चे किंवा उकडून वाढतात. जानेवारीपासून मार्चच्या पूर्वार्धापर्यंत मासेमारी बंद असल्याने तेव्हा ताजे कच्चे मिळत नाहीत.

भेटवस्तू आणि पिशवी

रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि मोठी भेटही नेऊ नका, कारण जड भेटीची परतफेड करण्याचे ओझे समोरच्यावर पडते. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेली चिक्की, काजूची लहान पाकिटे किंवा मसाला चहा हे उत्तम चालते. भाकरवडी द्यायची तर तिखट आहे हे सांगून द्या. आंबे मात्र आणू नका. ताज्या फळांना तपासणीचे प्रमाणपत्र लागते आणि विमानतळावर ती काढून घेतली जातात. मांसाच्या पदार्थांचेही तसेच. चार नगांचा संच टाळा, कारण चार हा आकडा मृत्यूशी जोडलेला मानतात. भेट दोन्ही हातांनी द्यावी, आणि ती सकाळीच द्यायची की दिवसभर वाहावी लागेल म्हणून संध्याकाळी, याचा विचार करावा. मी संध्याकाळच्या बाजूने आहे.

पिशवीत हातरुमाल हवा, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद क्वचितच असतो. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी हवी, कारण रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नसतात आणि कचरा घरी न्यायचा असतो. बूट पटकन काढता-घालता येणारे असावेत, पण तळ घसरणारा नसावा. पायमोजे फाटके नसावेत, हे सांगायची वेळ येऊ नये. रोख रकमेत शंभर येनची नाणी आणि हजारच्या नोटा ठेवा, कारण देवळांत प्रवेशासाठी साधारण ३०० ते ५०० येन लागतात आणि तेथे कार्ड चालेलच असे नाही. सुईका किंवा पास्मो या रेल्वेभाड्याच्या कार्डात आदल्या रात्रीच तीन-चार हजार येन भरून ठेवा, म्हणजे गेटवर तुमच्यामुळे सगळ्यांना थांबावे लागणार नाही.

सकाळ: किता-कामाकुरा ते पैसे धुण्याची गुहा

बहुतेक पर्यटक कामाकुरा स्थानकावर उतरतात. तुम्ही मित्रांना एक स्थानक अलीकडे, किता-कामाकुराला भेटण्याचे सुचवा. टोकियो स्थानकाहून योकोसुका मार्गाची आणि शिंजुकूहून शोनान-शिंजुकू मार्गाची थेट गाडी मिळते, मात्र शिंजुकूहून निघताना झुशीकडे जाणारीच गाडी आहे ना हे पाहा. भेटीची वेळ नऊ असेल, तर पाच-दहा मिनिटे आधी पोहोचा आणि गेटच्या आत भेटायचे की बाहेर हे आदल्या दिवशीच विचारा. उशीर होणार असे दिसले, तर तो दोन मिनिटांचा असला तरी गाडीत बसल्या-बसल्या कळवा. गाडीत फोनवर बोलू नये, आणि आपापसातले बोलणेही हळू असावे. मराठी घोळक्याला हे सर्वांत जड जाते.

स्थानकाला लागूनच एन्गाकु-जी हा झेन मठ आहे. मंगोल आक्रमणांत दोन्ही बाजूंनी मेलेल्यांच्या शांतीसाठी होजो तोकिमुने याने तो १२८२ मध्ये स्थापन केला. पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली ती मठाच्या आवारातूनच, त्यामुळे आत जाण्यापूर्वी मठाच्याच तळ्यापाशी रूळ ओलांडावे लागतात. येथे तासभर पुरतो. देवळाच्या मागच्या दफनभूमीजवळून जाताना कबरींमागे उभ्या केलेल्या उंच लाकडी पट्ट्यांकडे पाहा. त्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरे असतात, आणि देवनागरी वाचणाऱ्याला थोड्या निरखण्यानंतर एखादे अक्षर ओळखीचे वाटू लागते. मित्रांना ती वाचता येत नसतात, त्यामुळे येथे घडीभर तुम्हीच वाटाडे होता. फोटो मात्र कबरींचे काढू नका.

तेथून दहा मिनिटांवरच्या जोची-जी देवळाशेजारून डोंगरवाट सुरू होते. ती कुझुहारा-ओका देवस्थानावरून गेंजियामा टेकडीकडे आणि पुढे कामाकुराच्या प्रसिद्ध मोठ्या बुद्धमूर्तीपर्यंत जाते. एकूण अंतर तीन किलोमीटरच्या आसपास आहे, पण झाडांची मुळे, पायऱ्या आणि ओली माती यांमुळे दीड तास धरावा. वादळानंतर वाटेचा काही भाग बंद असू शकतो आणि पावसाच्या दुसऱ्या दिवशी चिखल हमखास असतो. गुडघ्याचे दुखणे असलेली मंडळी बरोबर असतील, तर ही वाट सोडून गाडीने कामाकुरा आणि तेथून एनोदेन या छोट्या रेल्वेने मोठ्या बुद्धाजवळचे हासे स्थानक गाठावे. अर्ध्या गटाने चालावे आणि अर्ध्याने गाडीने यावे, ही आपली नेहमीची तडजोड जपानी मित्रांना फारशी रुचत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने सोबत निघणे आणि सोबत असणे हाच दिवसाचा हेतू असतो.

वाटेत थोडे खाली उतरले की झेनिआराई बेंतेन लागते. डोंगरातला एक बोगदा ओलांडून आत गेले की चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेले अंगण दिसते. बेंतेन किंवा बेंझाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली आपली सरस्वती; हातात वीणेऐवजी बिवा नावाचे वाद्य घेतलेली, आणि येथे विद्येबरोबर धनाचीही देवता झालेली. सर्प तिचा दूत मानतात, म्हणून तिला अंडी वाहिलेली दिसतात. अगरबत्ती-मेणबत्तीचे साहित्य घेतले की वेताची छोटी टोपली मिळते. तीत नाणी ठेवून गुहेतल्या झऱ्याचे पाणी पळीने त्यांवर ओतायचे असते. नोटा धुणारेही असतात, पण त्यांची फक्त कड ओली करतात. धुतलेले पैसे साठवून न ठेवता खर्च केले की वाढून परत येतात, असा समज आहे. ओल्या नाण्यांसाठी तो हातरुमाल येथे उपयोगी पडतो.

दर्शनाची पद्धत मित्र करतील तशी करावी. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानात तोरी या प्रवेशकमानीखाली किंचित वाकून आत जातात, हात धुतात, आणि मुख्य वास्तूसमोर नाणे टाकून दोनदा वाकतात, दोन टाळ्या वाजवतात आणि पुन्हा एकदा वाकतात. बौद्ध देवळात टाळ्या वाजवायच्या नसतात; हात जोडून नमस्कार पुरतो, आणि तो आपल्याला शिकवावा लागत नाही.

दुपार: मोठा बुद्ध आणि हासे

कोतोकु-इन देवळातली अमिताभ बुद्धाची ब्राँझची मूर्ती चौथऱ्याशिवाय सुमारे ११.३ मीटर उंच आणि १२१ टन वजनाची आहे. तिचे काम १२५२ मध्ये सुरू झाले. तिच्यावरचे मंदिर वादळांनी आणि लाटांनी नेले, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तरी ती उघड्यावर ऊन-पाऊस झेलत बसलेली आहे. तिच्यासमोर चार-पाच मीटरवर उभे राहून पाहा: दुरून डोके जरा मोठे आणि खांदे पुढे झुकलेले वाटतात, पण खालून वर पाहणाऱ्या भक्ताला चेहरा प्रमाणबद्ध दिसावा अशीच ती घडवली आहे. ५० येन देऊन मूर्तीच्या पोटात शिरता येते. आतून ओतकामाचे एकावर एक चढवलेले थर आणि त्यांच्या सांध्यांच्या वळ्या स्पष्ट दिसतात. बाहेरच्या छायाचित्रापेक्षा मला आतली ती पाच मिनिटे मोलाची वाटतात. आवारात श्रीलंकेच्या ज्युनिअस जयवर्धने यांचा स्मृतिस्तंभही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ मध्ये झालेल्या सॅन फ्रान्सिस्को शांतता परिषदेत जपानकडून भरपाई न मागण्याची भूमिका मांडताना त्यांनी वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन सांगितले होते. पर्यटक तो बहुधा चुकवतात.

जेवण येथे, हासेच्या परिसरात, एकच्या सुमारास आधी सांगून ठेवलेल्या जागी करावे. त्यानंतर हासे-देरा. तेथली अकरा मुखांची लाकडी कान्नोन, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची मूर्ती, नऊ मीटरहून उंच आहे, आणि गच्चीवरून युइगाहामाचा किनारा दिसतो. मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या जिझोच्या शेकडो छोट्या मूर्ती गोंडस दिसतात, पण त्यांतल्या पुष्कळ मूर्ती जन्माला न आलेल्या किंवा लहानपणीच गेलेल्या मुलांसाठी आई-वडिलांनी ठेवलेल्या असतात. त्यांच्याशेजारी बसून हसरे फोटो काढू नयेत.

कोमाची-दोरी ही खरेदीची गल्ली मी या आखणीत मुद्दामच ठेवलेली नाही. मित्रांना तेथे जायचेच असेल, तर गर्दीत चालता-चालता खाऊ नये असे आवाहन करणारा नियम शहराने २०१९ मध्ये केला आहे, एवढे लक्षात ठेवा आणि दुकानासमोर उभे राहूनच खा.

संध्याकाळ आणि पैशांचा हिशेब

हासेहून एनोदेन पकडावी. कामाकुरा ते फुजिसावा हा दहा किलोमीटरचा एकेरी मार्ग अर्ध्या-पाऊण तासात संपतो, पण घरांच्या परसांतून जाणारी गाडी अचानक समुद्रालगत बाहेर पडते तेव्हा डावीकडे तोंड करून उभे असणे चांगले. अ‍ॅनिमेमुळे प्रसिद्ध झालेल्या कामाकुराकोको-माए स्थानकाच्या फाटकापाशी छायाचित्रांसाठी लोक रस्त्यावर उतरतात आणि तेथल्या रहिवाशांना त्याचा त्रास होतो. तेथे न उतरता इनामुरागासाकीला उतरा. हवा स्वच्छ असेल तर सूर्यास्ताला एनोशिमा बेटामागे फुजीची बाह्यरेषा दिसते. किनाऱ्यावर काही खाणार असाल, तर पाठीमागे भिंत असेल असे उभे राहा. येथल्या घारी मागून येतात आणि हातातला पाव नेतात. पंखाचा वारा कानाला लागतो आणि कळेपर्यंत हात रिकामा असतो.

खर्च सर्वसाधारणपणे समान वाटून घेतात, आणि कोणीतरी एकजण बिल भरून रात्री गटात प्रत्येकाची रक्कम लिहितो. यजमानाने पहिल्या जेवणाचे पैसे दिले, तर एकदा नको म्हणा, दुसऱ्यांदा आभार माना. गल्ल्यासमोर आपल्यासारखी ओढाताण करू नका. पुढची कॉफी तुमच्याकडून. टिप कोठेही देत नाहीत.

रात्री इझाकायात, म्हणजे जपानी मद्यगृहात, बसायचे ठरले, तर बसताच न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते आणि तिचे पैसे बिलात लागतात; तीत मासे असू शकतात, म्हणून शाकाहाऱ्याने ती मित्राकडे सरकवावी. सगळ्यांचे पेले आल्याशिवाय पहिला घोट घेऊ नये. मद्य न घेणाऱ्याने उलॉन्ग चहा मागवला तरी कोणी आग्रह करत नाही, विशेषतः ते गटात आधीच लिहिलेले असेल तर.

इनामुरागासाकीहून एनोदेनने पुढे एनोशिमाला गेले, की तेथून परतायला तीन मार्ग आहेत. शिंजुकूकडे राहणाऱ्यांनी कातासे-एनोशिमा स्थानकाहून ओदाक्यू घ्यावी. टोकियो स्थानकाकडे जाणाऱ्यांनी एनोदेनने फुजिसावा गाठून तोकाइदो मार्गाची गाडी पकडावी. आणि योकोहामाकरांनी शक्य असेल तर रुळाखाली लोंबकळत धावणाऱ्या शोनान मोनोरेलने ओफुनापर्यंत जावे, कारण चौदा मिनिटांची ती सफर स्वतंत्र तिकीट काढून करण्याजोगी आहे.

घरी पोहोचल्याचा आणि आभाराचा निरोप त्याच रात्री गटात टाका, आणि त्यात एखादी नेमकी गोष्ट लिहा: केंचिन-जिरुसाठी केलेला फोन, किंवा वाटेत थांबून धरलेला हात. दिवसभराचे फोटो लाइनच्या अल्बममध्ये ठेवा. मित्रांचे किंवा त्यांच्या मुलांचे चेहरे असलेला फोटो फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकण्यापूर्वी मात्र प्रत्येकाला वेगळे विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर तो फोटो टाकू नका. सोमवारी कार्यालयात भेटल्यावर आभार पुन्हा एकदा मानायचे असतात.